दवाखाना नावाची सून

मुलगी बघायला आलेल्या माणसांनी तिला स्वयंपाक येतो का हे विचारलंच नाही, असं सबंध सातारा-सांगलीत त्या काळी एकदाच घडलं असेल, आणि ते नेमकं माझ्या बाबतीत घडलं. एरवी भाकरी थापायला लावत, चालून दाखवायला लावत, वेणी सोडून केस बघत. मला आत्याबाईंनी एकच विचारलं, "रगत बघून चक्कर येती काय गं?" मी म्हटलं, "न्हाई." ते खरंच होतं. दवाखान्यातल्या अशक्त रोग्यांसाठी आठवड्यातून दोनदा मटणाचं सूप लागायचं आणि मटण धुवायचं काम माझ्याकडे होतं. आत्याबाईंनी माझं पांढरं लुगडं पाहिलं, हातातला झाकलेला ट्रे पाहिला, आणि सोबतच्या थोरल्या पुतण्याला म्हणाल्या, "तात्या, नारळ आण." झालं माझं लग्न ठरून.

हे सांगलीतल्या एका दवाखान्याच्या मागच्या अंगणात घडलं. माझी आई तिथे रोग्यांचा स्वयंपाक करायची. वडील मला आठवतसुद्धा नाहीत. मायलेकी आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत राहायचो. तिथला नियम असा, की जो कुणी रोग्याच्या खाटेपर्यंत जाईल त्याने पांढरं नेसायचं. ताटं पोचवायला मीच जायची, म्हणून मलाही पांढरं. आत्याबाई आणि तात्या त्यांच्या भावकीतल्या एकाचा मोडलेला पाय घेऊन आले होते. पंधरा दिवस व्हरांड्यात मुक्काम होता. पंधरा दिवस त्यांनी मला खाटाखाटांवरून फिरताना, म्हाताऱ्यांना "आज काय खाल्लं? पोट साफ झालं?" असं दरडावून विचारताना पाहिलं. ते मी आईला सांगायला विचारायची, त्यावर उद्याची पेज ठरायची. आत्याबाईंनी आपला काय समजायचा तो समज करून घेतला.

ते गेल्यावर मी आईला म्हटलं, "आई, त्यास्नी वाटतंय मी नर्स हाय."

आई कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "इचारलं का त्यांनी?"

"न्हाई."

"मग आपण का सांगायचं? दवाखान्यात काम करती म्हटलं मी. ते काय खोटं हाय?" मग विळीवरून उठून माझ्यासमोर येऊन बसली. "हे बघ वच्छे. बिनबापाची पोर तू. हुंडा मागत न्हाईत, उसाची जमीन हाय, पोरगा मिल्ट्रीत हाय. असलं ठिकाण पुन्ना येणार न्हाई. पर कळलं तर परत धाडतील आणि मग तुला कोण करून घेणार? तवा कळू दिऊ नको." कांदा चिरून चिरून आईच्या डोळ्यांना पाणी यायचं कधीच बंद झालं होतं. त्या दिवशी ते आलं. मी गेले की त्या खोलीत ती एकटीच राहणार होती, आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही.

आता बेटाबद्दल सांगते, कारण ते कळल्याशिवाय आत्याबाई कळायच्या नाहीत. आष्ट्याच्या अलीकडे कृष्णा एके ठिकाणी दोन धारांनी वाहते आणि मध्ये आमचं बेट. सात घरं, सगळी एकाच भावकीतली. ऊस, हळद, कडेला बाभळी. उन्हाळ्यात लुगडं गुडघ्यापर्यंत धरलं की चालत पलीकडे जाता यायचं. पण आषाढ लागला की दसऱ्यापर्यंत बेट आणि जग यांचा संबंध तुटला. तेव्हा पलीकडे जायचं ते काहिलीतून. काहील म्हणजे गूळ शिजवायची लोखंडी अवाढव्य कढई. गुऱ्हाळ संपलं की ती चुलवणावरून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या चुलीवरून, उतरवायची, घासायची आणि नदीत सोडायची. दोघं तिच्या कड्या धरून पोहत ढकलणार, बाकीचे आत उकिडवे बसणार. काहील काही नावेसारखी सरळ जात नाही, गरगरत जाते. पहिल्यांदा बसणाऱ्याला कळतच नाही आपण चाललोय की परत येतोय.

एवढ्यावर भागलं नाही. एका काठाला इंग्रजांचा अंमल आणि दुसऱ्या काठाला संस्थानी. लढाईचे दिवस, घासलेट कार्डावर. आमचे लोक या काठाच्या कचेरीत गेले की कारकून म्हणणार, "मोठी धार तुमच्या अलीकडून जाते, तुम्ही त्यांचे." त्या काठाला गेले की तिथला म्हणणार, "धाकटी धार आमच्या बाजूला? ती काय नदी नव्हे होय? धाकटी झाली तरी नदीच. नदीपलीकडचे ते सगळे त्यांचे." लस टोचणारा आला नाही, पोस्टमन पिशवी काठावरच्या वडाला टांगून जायचा, न्हावी दिवाळीला एकदा येऊन पावसाळ्यात वाढलेल्या दाढ्या एकदम उतरवायचा. सारा वसूल करायला मात्र दोन्ही काठांची माणसं न चुकता यायची, तेव्हा कुणालाच नदी आडवी येत नसे.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. सासू-सासरे दोघंही मी यायच्या आधीच गेलेले. आत्याबाई बालविधवा, माहेरीच राहिल्या, आणि पुढे सबंध बेट त्यांच्या शब्दावर चाललं. अर्ज करून करून तात्यांच्या वहाणा झिजल्या तेव्हा म्हणे त्या एक दिवस म्हणाल्या, "सरकार काय येत न्हाई. सुना तर येत्यात नव्हं?" आणि त्यांनी जे बेटावर नाही ते सुनांतून आणायचं ठरवलं. थोरली जाऊ चौथी पास होती, तिला पत्रं वाचता-लिहिता यायची म्हणून तात्यांना केली. रंगाने डावी, आवाजाने खणखणीत. मधल्या जावेबरोबर शिवणाचं मशीन आलं. मशीन आलं म्हणून ती आली असं ती स्वतःच सांगायची. आत्याबाई नावाने कुणाला हाक मारत नसत. "ए टपाल, च्या टाक! ए शिवण, म्हशीला पाणी दाव!" मी उंबरठ्यावरचं माप ओलांडलं आणि आतून हाक आली, "ए दवाखाना, हिकडं ये, देवाच्या पाया पड."

आठ दिवस मी कुणाच्या नजरेला नजर दिली नाही. नवऱ्याला वाटलं लाजते. आमचे हे मिल्ट्रीत ड्रायव्हर, लग्नासाठी महिनाभराची सुट्टी काढून आलेले, मोजकं बोलणारे. नवव्या दिवशी आम्ही हळदीच्या रानात होतो. मला राहवेना. म्हटलं, "आवं, एक सांगायचं हाय. मला परत धाडायचं असंल तर आत्ताच धाडा. मी नर्स न्हाई. मी सैपाकीण हाय." आणि रडायला लागले. हे खुरपं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी भरतीला गेलो तवा सायबानं इचारलं, क्या चलाना आता है? म्हटलं, गाडी. त्यानं ड्रायव्हरात घातलं. बैलगाडी म्हणलं न्हवतं त्याला मी." मी रडायचं थांबले. "मग?" "मग काय! पयल्या दिवशी मेसची भिंत पाडली. आता सगळ्यांत चांगला चालवतो. शिकशील." आणि पुन्हा खुरपायला लागले. मला वाटतं, संसार माझा त्या वाफ्यात सुरू झाला. लग्न नुसतंच आधी लागलेलं होतं.

सुट्टी संपवून हे गेले आणि मी दवाखाना चालवू लागले. खरंच सांगते, नाटकात काम करणं सोपं. नर्स कशा वागतात ते मी खिडकीतून बघितलेलं होतं. पहिल्यांदा साबणाने हात धुवायचे. मनगट धरायचं आणि घड्याळाकडे बघायचं. घड्याळ नव्हतं, म्हणून मी आकाशाकडे बघायची. लोकांना वाटायचं ही उन्हाचा हिशेब करते. जीभ काढायला लावायची, "हं" म्हणायचं. दवाखान्यातल्या कंपाउंडरने आईच्या भिडेखातर एक टाकाऊ थर्मामीटर दिला होता, त्याचा पारा एकशे एकवर अडकून बसलेला. कुणाच्याही तोंडात घाला, एकशे एक. बेटावर त्या नळीचं एवढं अप्रूप, की धडधाकट माणसं रांग लावून तोंडात धरायला येत. सगळ्यांना सारखाच आकडा येतो म्हणताना भावकीतली जुनी भांडणंसुद्धा जरा निवळली.

दाढ दुखली की लवंग, गळवाला भाजलेल्या कांद्याचं पोटीस, खोकल्याला आलं-गूळ. हे तर कुठल्याही बाईला येतं. पण तेच आत्याबाईंनी सांगितलं तर घरचं, आणि मी हात धुवून सांगितलं तर औषध. आणि सगळ्याच्या शेवटी मला जे मनापासून येत होतं ते मी सांगायची, "दोन दिवस तांदळाची पेज." आता आमचा मुलूख ज्वारीचा. भात सणावाराला, लग्नाला. पेजेची वार्ता पसरली आणि बेटावर आजार वाढले. उसाच्या रानात राबणारे गडी कमरेला हात लावून दारात उभे, "नर्सबाय, अंगात कसर हाय." एकदा तर मधल्या जावेने म्हैस आणली. मी म्हटलं, "आवं, मी माणसांची." ती म्हणाली, "तिलाबी पोट हाय की!" मी म्हशीची जीभ बघितली. तांदळाची पाटी तळाला लागली तेव्हा आत्याबाईंनी मला बोलावून विचारलं, "तुज्या दवाखान्यात दुसरं औषीद न्हवतं काय गं?" मी म्हटलं, "होतं, पर ते महाग." एवढ्यावर निभावलं.

ह्यांची पत्रं यायची. वडावरच्या पिशवीतून तात्या आणायचे आणि थोरली जाऊ ओट्यावर बसून सगळ्या भावकीसमोर वाचायची. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं पत्र सात घरांनी ऐकायचं! पण ह्यांनीही युक्ती काढली. "सर्वांस नमस्कार. दवाखाना कसा चालला आहे? येथे माझी गाडी ठीक चालते. भिंती सुरक्षित आहेत." सगळ्यांना वाटायचं लढाईतलं काही असेल. मी पदराआड तोंड लपवून हसायची आणि थोरली जाऊ म्हणायची, "लढाईचं ऐकून हसतीस काय गं बाई?" इतक्या वर्षांनी अजून ती पत्रं माझ्याजवळ आहेत. माझ्या सुनेने वाचली आणि म्हणाली, यात तर काहीच नाही. नसू दे.

लपवाछपवी मनाला खायची, पण एक गोष्ट आणखी झाली होती. मला बेट आवडायला लागलं होतं. सांगलीत आईच्या हाताखाली मी नुसती पोरगी होते. इथे मी चालले की माणसं सरकून वाट द्यायची. जावांशी गट्टी जमली. आत्याबाई खेकसायच्या, पण भाजी निवडायला मलाच जवळ बसवायच्या. परत धाडतील ही भीती आधी आईसाठी होती, आता माझीही झाली.

त्या वर्षी श्रावणात कृष्णा अशी फुगली, की बेटाचा मधला उंचवटा तेवढा उरला. पिण्याच्या पाण्याची विहीर नदीने गिळली. दोन दिवस लोकांनी गढूळच पाणी फडक्याने गाळून प्यायलं आणि तिसऱ्या दिवसापासून बेटाला जुलाब लागले. पहिल्यांदा पोरं, मग बायका, मग गडी. माणसं उंचवट्यावरच्या उसाकडे पळत होती आणि परतताना भिंत धरत होती. पहिल्या दिवशी चेष्टा चालली होती. दुसऱ्या दिवशी कुणी बोलेना. मधल्या जावेचं चार वर्षांचं पोरगं, डोळे खोल गेलेलं, नुसतं पडून होतं. आणि दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या. त्यांना आडवं मी तोवर बघितलंच नव्हतं.

थोरल्या घराच्या सोप्यावर सगळे उभे राहू शकणारे जमले. आत्याबाई क्षीण आवाजात म्हणाल्या, "दवाखाना, बघतीस काय? सुई मार."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"सुई मार म्हणते नव्हं! का तीबी महाग हाय?"

तात्या म्हणाले, "सुई नसंल तर सांग. मी काहील घालतो पाण्यात. काठावनं डाक्टर आणतो." थोरली जाऊ रडायलाच लागली, कारण त्या पाण्यात काहील घालणं म्हणजे काय ते सगळ्यांना दिसत होतं. आणि घातली, पोचली, तरी डॉक्टर बसणार होता का तिच्यात? या काठाचा म्हणणार त्या काठाला जा.

काहील म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. जुलाबाच्या रोग्याला दवाखान्यात काय देतात हे डॉक्टरांइतकंच कुणाला ठाऊक असेल तर ते माझ्या आईला, कारण द्यायची तीच. खळखळून उकळलेलं पाणी, पेजेचं पाणी, मीठ, लिंबू, जरा गोड, घोट घोट, पुन्हा पुन्हा. पण सबंध बेटाला पुरेल एवढं पाणी उकळायचं कशात? घरात होत्या त्या कळशा न् पातेली. आणि एकच भांडं असं, की ज्यात सगळं बेट मावेल. ते चुलवणावर चढवायला सहा-सात माणसं लागत आणि आमची उभी राहणारी होती सहा. एकदा चढलं की ती माणसंही आडवी पडली तर उतरवणार कोण? म्हणजे काहील एक तर नाव, नाहीतर भांडं. दोन्ही नाही.

मी म्हटलं, "तात्या, काहील पाण्यात घालायची न्हाई. चुलवणावर घालायची."

"आन् डाक्टर?"

"डाक्टर न्हाई."

"मग तू सुई मारणार?"

तेव्हा मात्र माझा धीर सुटला. सगळी तोंडं माझ्याकडे. खोटं बोलून तात्यांना थांबवता आलं असतं, पण मग सगळ्यांना उद्या सुईच हवी झाली असती. मी आत्याबाईंच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "आत्याबाई, मी नर्स न्हाई. कवाच न्हवते. माझी आई दवाखान्यात सैपाक करती आणि मी तिच्या हाताखाली. सुई मला धरताबी येत न्हाई. पर साठ रोग्यांना जेवू कसं घालायचं ते मला येतंय. माझं ऐका. नंतर काय करायचं ते करा."

मधली जाऊ पोराला उराशी धरून माझ्याकडे बघत होती. मी बघितलेल्या म्हशीच्या जिभेची तिला आठवण आली असणार. तात्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. पण आत्याबाई आडव्या असल्या तरी त्या म्हणेपर्यंत कुणी बोलणार नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "चढवा काहील." एवढंच. माझ्याकडे बघितलं नाही.

पुढचे तीन दिवस मी जशी वागले तशी आयुष्यात पुन्हा कधी वागले नाही. मी माझी आई झाले. पदर खोचला, वाळका पाला चुलवणात सारायला तात्यांना बसवलं, आणि तात्या, माझे थोरले दीर, ज्यांच्यासमोर मी कधी पदर ढळू दिला नव्हता, त्यांना मी "जाळ कमी पडतोय, झोपलाय काय?" असं ओरडले. थोरल्या जावेला पाटी-पेन्सिल दिली. कुणी किती घोट प्यायला त्याच्या रेघा मारायच्या. मधल्या जावेने जुन्या धडुत्यांचे तुकडे फाडून प्रत्येकाच्या वाटीला वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, एकाची वाटी दुसऱ्याने तोंडाला लावायची नाही. हात राखेने धुतल्याशिवाय चुलवणाजवळ यायचं नाही. तांदूळ तर माझ्या डॉक्टरकीने संपवलेच होते, म्हणून ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज. काहिलीला वर्षानुवर्षांचा गूळ मुरलेला, त्यामुळे पाण्याला आपोआप गुळचट चव आली. पोरांनी आवडीने प्यायलं. बाहेरून पाऊस, आतून जाळ, आणि मी हातभर पळीने ढवळत "घोट घ्या, पुन्ना घ्या, न्हाई म्हणायचं न्हाई!" म्हणून बोंबलतेय.

आत्याबाईंनी मात्र तोंड फिरवलं. म्हणाल्या, "सैपाकिणीच्या हातचं औषीद मी घेणार न्हाई."

मला राग आला. दोन दिवस पाठ टेकली नव्हती. म्हटलं, "औषीद न्हाईच हे. पेज हाय. पेज सैपाकिणीच्याच हातची घेत्यात. आ करा."

त्यांनी डोळे वटारले. पण आ केला.

कुणी दगावलं नाही. माझ्यामुळे की नशिबामुळे, मी सांगू शकत नाही. मी काही नर्स नव्हे. चौथ्या दिवशी मधल्या जावेच्या पोराने भाकरी मागितली आणि ती बाई माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. आत्याबाई भिंतीला टेकून उठून बसल्या, केस सारखे केले, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पूर उतरला की हिला हिच्या आयेकडं न्यायची हाय. तात्या, गाडी सांगून ठिव."

थोरली जाऊ "आवं पर आत्याबाई" एवढंच म्हणाली आणि आत्याबाईंनी बघितल्यावर तेही गिळलं. मी आत गेले आणि लुगडी घडी करायला लागले. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर राग जाईल. पण फसवलं ते फसवलंच होतं ना. राग माझा माझ्यावरच. ह्यांना पत्रातून कळवायचं तर लिहून घेणार टपाल आणि ऐकणार सात घरं. शेवटी दवाखान्यातल्या पाट्यांवरून गिरवलेल्या अक्षरांत मीच वेडंवाकडं एक वाक्य लिहिलं, "दवाखाना बंद झाला."

पूर ओसरायला दहा दिवस लागले. काहील उतरवली, बुडाची काजळी राखेने घासली आणि पाण्यात सोडली. काठावर दोघी जावा उभ्या. काहील गरगरायला लागली तशी मला एकदा जावा दिसायच्या, एकदा पलीकडचा काठ, पुन्हा जावा, पुन्हा काठ. माझ्या मांडीवर बोचकं. समोर आत्याबाई. पुढे बैलगाडीतून सांगलीपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी दोनदा "पाणी देऊ काय?" विचारलं, त्यांनी दोनदा मान हलवली.

दवाखान्याच्या मागच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा आईची दुपारची धांदल चालली होती. आठ चुली पेटलेल्या, आणि ती मध्ये उभी राहून ओरडत होती, "तीन नंबरला बिनमिठाची! सात नंबरच्या म्हातारीला ताक कुणी दिलं? मी नको म्हटलं हुतं नव्हं?" तिने आम्हाला पाहिलं, माझं बोचकं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. पण चुलीवरचं उतू जाईल म्हणून हातातली पळी तिने काही सोडली नाही. आत्याबाई दारातच थांबल्या. किती तरी वेळ त्या आईचं काम बघत होत्या. ताटं भरून गेली, आई हात पुसत पुढे आली.

आत्याबाई म्हणाल्या, "बाई, तुमी आमाला फसवलं."

"व्हय," आई म्हणाली. "पोरीची चूक न्हाई त्यात. माझी हाय. शिव्या द्यायच्या त्या मला द्या."

"शिव्या द्यायलाच आलोय," आत्याबाई म्हणाल्या. "आमी दवाखाना मागितला आन् तुमी आमाला निम्माच दिला. पोरीला पेज येती, पर म्हातारीला ताक का द्यायचं न्हाई ते तिला येतंय काय? न्हाई. ते सगळं हितं तुमच्यापाशी ऱ्हायलंय. ते न्यायला आलोय मी. बोचकं बांधा."

मी आत्याबाईंच्या तोंडाकडे बघतच राहिले. त्या बेटावरून हेच ठरवून निघाल्या होत्या, की मला सोडायलाच निघाल्या होत्या आणि त्या दारात त्यांचं मन फिरलं, हे मला आजही माहीत नाही. थोरली जाऊ म्हणायची आधीच ठरवलं होतं. मला तसं वाटत नाही. आत्याबाईंना विचारायची तर कुणाची छातीच नव्हती.

आई घाबरली, गोंधळली, मग ताठ झाली. "न्हाई जमायचं. लेकीच्या सासरी जाऊन ऱ्हायचं? जगात कुणी ऐकलंय? लेकीच्या घरचं पाणीसुदिक प्यायचं न्हाई आमच्यात, आन् मी तिच्या दारात बसून चार घास खाऊ?"

हे खरं होतं. हा रिवाज आत्याबाईंनाही तेवढाच पक्का होता. बेटाच्या वादात, कचेरीच्या दारात, पुराच्या पाण्यात कधी न अडलेल्या त्या बाई पहिल्यांदाच अडल्या. पदराने कपाळ पुसलं. चुलींकडे बघितलं. मला वाटलं, आटोपलं सगळं.

मग म्हणाल्या, "नका खाऊ. लेकीच्या घरचा दाणाबी घेऊ नका. तुमास्नी येगळं घर देतो, येगळी चूल. रांधा तुमी. आमीच सगळी तुमच्यात जेवाय येतो."

आई माझ्याकडे बघत होती. डोळे भरून आले होते, पण तिचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. मी तिची लेक, मला माहीत होतं ती काय करतेय. ती शेर आणि मापटी मोजत होती. तिने पदर खोचला.

"किती माणसं?" तिने विचारलं.

आत्याबाई म्हणाल्या, "तुमाला धरून बेचाळीस."